धोंड्याच्या वाणाला हेडर

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका तयार कान बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दुसरा नव्हता, आणि आज त्यांच्याइतकं कमी ऐकू येणारा माणूसही या दोन तालुक्यांत शोधून सापडायचा नाही. पहिली गोष्ट ते स्वतः सांगतात. दुसरी त्यांच्यासमोर काढायची नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. तशी ती काढली तरी त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे ठरलेलं मोडलं तरी फारसं काही बिघडत नाही. घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

दाजींची सगळी नोकरी एका साखर कारखान्यात टर्बाइनशेजारी झाली. तिथे कानात घालायला बोळे मिळायचे. दाजींनी ते घरी आणून उशीत भरले. "कानात बोळं घातल्यावर मशीन काय म्हणतीया ते कळायचं कसं?" असं त्यांचं म्हणणं. मशीन त्यांच्याशी बोलायची यात मात्र शंका नाही. आमच्याकडे पणदऱ्याला आले की ते ओसरीवर चहा पीत बसायचे. रस्त्याने उसाची ट्रॉली ओढत एखादा ट्रॅक्टर गेला की बशी खाली ठेवून म्हणायचे, "ह्याचं बेअरिंग चाललं." लवकरच तो ट्रॅक्टर फाट्यावर ट्रॉलीसकट बसलेला असायचा. पुढेपुढे लोकांना वाटायला लागलं की दाजींनी ऐकलं म्हणूनच बेअरिंग जातं. ते ओसरीवर दिसले की काही ट्रॅक्टरवाले कॅनॉलच्या वाटेने वळसा घालून जायचे. लग्नकार्यात लोक मंगलाष्टकं ऐकायचे तेव्हा दाजी मांडवामागचा जनरेटर ऐकत असायचे. स्वतःच्या लग्नातही तेच. "अंतरपाट निघाला तवा मला नवऱ्याचं तोंड दिसायच्या ऐवजी कान दिसला," नणंद अजून सांगते.

त्या कानाने हळूहळू काम सोडलं. आधी पाखरांचा आवाज गेला, त्याची कुणाला पर्वा नव्हती. मग कुकरची शिट्टी गेली, फोनची घंटा गेली आणि मग नणंदेचा आवाज गेला. "बारीक आवाज आधी जातात. बायकांचं बोलणं लवकर कळेनासं होतं," असं बारामतीचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा बरोबर गेलेल्या माझ्या नवऱ्याने दाजींकडे ज्या नजरेने पाहिलं तिला मी सहानुभूती म्हणणार नाही. कान तपासायच्या खोलीत दाजींना बटण दिलं होतं. आवाज आला की दाबायचं. दाजींनी ते बराच वेळ दाबलंच नाही आणि बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं, "मशीन बंद पडलंय तुमचं. बघू का उघडून?" मग नणंदेने हट्टाने कानाचं यंत्र आणलं. ते दाजींनी चष्म्याच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने उघडलं, त्यात काही सुधारणा केल्या आणि परत बंद केलं. त्यानंतर ते यंत्र नुसती शिट्टी मारायचं. ती शिट्टी घरातल्या सगळ्यांना ऐकू यायची, एक दाजी सोडून.

निवृत्त झाल्यावर दाजींनी गाडी घेतली. साधी नाही, शर्यतीच्या जातीची. जुनी, निळी, मागे पंख असलेली आणि जमिनीपासून इतकी खाली की गतिरोधक आला की बाकीच्यांनी उतरून चालायचं आणि गाडीने तिरपं होऊन पलीकडे यायचं. अशा गाडीचं इंजिन कसं बोलतं हे एकदा ऐकायचं, ही त्यांची तरुणपणापासूनची इच्छा. गाडी आली तेव्हा ऐकायचे कान राहिले नव्हते. दाजींनी निदान केलं की गाडीचा घसा बसलाय.

एकदा आमच्या अंगणातून निघताना इंजिन चालू असताना त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. दाताखाली खडा यावा तसा करकर आवाज झाला. आम्ही सगळे वळून बघायला लागलो आणि आमच्या तोंडांवरून त्यांना काय झालं ते कळलं. मग तेच बारामतीच्या पेट्रोल पंपावर झालं, तिथे रांगेतला कुणीतरी ओरडला, "अवो काका, चालूच हाय की गाडी!" आणि सगळी रांग हसली. तेव्हापासून दाजी किल्ली लावायच्या आधी डॅशबोर्डवर तळहात ठेवायला लागले, ताप बघतात तसा. थरथर लागली तर गाडी चालू आहे.

त्यात धोंड्याचा महिना आला. माझ्या सासूबाई वाणाच्या बाबतीत कडक आहेत. अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू. त्याला पुरणाचे धोंडे, अनारसे, कपडे आणि धातूची एखादी वस्तू. "जावयबापू, चांदीचं ताट घिऊ का तांब्या?" सासूबाईंनी कागदावर मोठ्या अक्षरात विचारलं. दाजी म्हणाले, "मामी, हेडर पायजे."

हेडर म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा. कंपनीने दिलेला बिडाचा, जड आणि कोंदट असतो. हौशी लोक तो काढून स्टीलचा बसवतात, म्हणजे धूर मोकळा सुटतो आणि आवाजही. दाजींनी तो पुण्याहून मागवून घेतला होता. चार वळणदार चकचकीत नळ्या शेवटी एकीत मिळालेल्या. उलटा धरला तर थेट गाईची कास. सासूबाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "जावयाला लोखंड देत्यात व्हय कुठं?" दाजींनी तोंडाकडे बघून ओळखलं. "स्टील हाय, मामी. गंजत न्हाय."

इंदापूरला ते राहतात त्या सोसायटीत गाडीखाली झोपायला परवानगी नाही. गाईंचा चारा बारीक करायच्या माझ्या कुट्टीच्या शेडला मात्र सिमेंटचा सपाट कोबा आणि वर पत्रा आहे. गोठा माझा, शेड माझं, पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणायची सोय नाही. दाजींनी गाडी आत घेतली, पुढची चाकं उचलून लाकडी ओंडक्यांवर टेकवली, गाईंखालची एक रबरी मॅट ओढून नेली आणि तिच्यावर आडवे झाले. धार काढल्यावर गाईंची सडं बुडवायच्या औषधाचे कप धुऊन त्यात नटबोल्ट ठेवले. कासेला लावायचं मलम स्वतःच्या हातांना लावलं. "दाजी, त्या मॅटवरची गाय आता दगडावर बसतीया," मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं. "तिला म्हणावं, दोन दिस कळ काढ," दाजी म्हणाले. मग एकदम आवाज खाली आणून, निदान त्यांना तसं वाटत होतं, त्यांनी सांगितलं, "वहिनी, ह्यो पाईप बसवूनबी गाडी बोलली न्हाय, तर इकून टाकणार. मुकी गाडी ठिवून काय करू?" हे शेजारच्या वस्तीपर्यंत ऐकू गेलं असावं. मी मॅटचा विषय सोडला.

जुना हेडर काढणं हेच खरं काम. त्याचे बोल्ट वर्षानुवर्षं तापून गंजून बसलेले असतात. तेल मारून, मुरू देऊन, हळूहळू फिरवायचे. आणि बोल्ट तुटायच्या आधी बारीक कुरकुरतो, ती कुरकुर आली की थांबायचं, परत मागे घ्यायचा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी दुधाचा कॅन घेऊन शेडवरून चालले होते, गाडीतून उंदीर चिरडल्यासारखा आवाज आला, पाठोपाठ टक्‌ झालं. दाजी खालून सरकत बाहेर आले. हातात बोल्टचं डोकं होतं. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "वाजला आसंल की ह्यो तुटायच्या आधी."

"वाजला," मी म्हणाले.

 आत अडकलेल्या तुकड्यावर नट वेल्डिंग करून दाजींनी तो काढला. पण पुढच्या बोल्टला हात घालेनात. तेव्हा मी कॅन खाली ठेवला आणि सांगितलं, मी उभी राहते. कुरकुरलं की तुमच्या बुटाला हात लावते. गाडीखालून त्यांचे फक्त बूट बाहेर येत होते, दुसरा काही इलाज नव्हता. मी वाकायचे, कान द्यायचे, कुरकुर आली की बुटाला हात, दाजी थांबायचे. तेल, थोडा वेळ, पुन्हा पाना, पुन्हा बुटाला हात. सासूबाई गोठ्याच्या दारातून हे बघत होत्या. त्या कधी आल्या मला कळलं नाही. काम संपवून उठले तर त्यांचे डोळे भरून आले होते. "आगं, जावई विष्णू आसला तरी येका दिसात इतक्या डाव पाया पडायची गरज न्हाय," त्या म्हणाल्या. सून म्हणून माझी इतकी किंमत त्यांना त्याआधी कधी वाटली नव्हती. मी खुलासा केला नाही. मिळतंय ते घ्यावं.

बाकीचे बोल्ट अखंड निघाले. नवा हेडर बसवायच्या आधी दाजींनी तो स्पिरिटने पुसून स्वच्छ कपड्यावर ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं आणि त्यावर नळी तापली की तो डाग जन्मात जात नाही. आम्ही जेवायला गेलो. सासूबाई आधी जेवल्या होत्या. वाणाची वस्तू पूजेशिवाय देणं त्यांना पटणारं नव्हतं. आम्ही परत आलो तेव्हा चारही नळ्यांवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, जोडावर तुपाचा दिवा लावून विझवलेला होता आणि एका नळीच्या तोंडात अनारसा होता.

 सासूबाईंना कोण बोलणार, आणि कुंकू पुसायचं कुणी? दाजींनी अनारसा काढून खाल्ला आणि हेडर तसाच बसवला. आधी सांध्यात गॅस्केटची चकती, मग बोल्ट, मधून कडेकडे सारखे आवळत; या वेळी पानाच ठरल्या जोराला थांबणारा होता, त्यामुळे माझी गरज लागली नाही.

किल्ली फिरवायच्या वेळी सगळे जमले. नणंदही इंदापूरहून आली. "माझा आवाज आयकू येत न्हाय, आन् गाडीचा पायजे," ती मला म्हणाली, पण दाजींवरची नजर काही काढेना. दाजींनी सवयीने डॅशबोर्डवर तळहात ठेवला, उचलला, आणि किल्ली फिरवली.

पत्रा वाजला. पत्र्यावरची कबुतरं उठली. माझ्या गाईंनी एकदम दावी ताणली आणि संध्याकाळी दूध चोरायचं तिथेच ठरवून टाकलं. इंजिनातून पिवळा धूर आला, तूप आणि हळद जळल्याचा, जणू आत कुणी कढीला फोडणी देत होतं. आम्ही सगळे कानांवर हात ठेवून उभे. दाजींचे दोन्ही हात मांडीवर. त्यांनी मान थोडी तिरकी केली, ओसरीवर बसून ट्रॅक्टर ऐकताना करायचे तशी. पाय हळूच दाबला, सोडला. मग खिडकीतून नणंदेकडे बघून एकच शब्द म्हणाले. ऐकू कुणालाच आला नाही, पण ओठ सगळ्यांना दिसले. "बोलली."

नुकसानभरपाई म्हणून दाजी मला भिगवणला मासे घेऊन देतो म्हणाले. बारामती मागे पडेपर्यंत मी त्यांना दुधाबद्दल, मॅटबद्दल, गाईंबद्दल बरंच सुनावलं. माझं बोलणं माझं मलाच ऐकू येत नव्हतं. दाजी मात्र माझ्याकडे वळून रीतसर उत्तरं द्यायला लागले, तेव्हा मी त्यांना पुढे बघा म्हणून हात केला. उजनीच्या पाण्याकडेला त्यांनी गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, आणि पुन्हा माझ्याकडे तोंड करून काहीतरी बोलले. "काय?" मी विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. "काय?" शेवटी मी कळल्यासारखी नुसती मान हलवली, तर दाजी स्टेअरिंगवर डोकं टेकवून हसत सुटले. मग त्यांनी इंजिन बंद केलं. "टर्बाइनपाशी आमी आसंच बोलायचो," ते म्हणाले. "येकमेकांच्या तोंडाकडं बघून. घरी समदी पाठ करून बोलत्यात, वहिनी. चुलीकडं बघून, टीव्हीकडं बघून. हितं बरंय. हितं माझ्याकडं बघावं लागतं."

गाडी विकली गेली नाही. सासूबाईंची बोटं त्या नळ्यांवर करपून पक्की झालीत; ज्या कुणा हौशी माणसाला दाजी बॉनेट उघडून दाखवतात तो विचारतो, हे रंगकाम कुठं केलं. आता नणंदेला काही खरंच बोलायचं असलं की ती म्हणते, "गाडी काढा." एक दिवा जास्त जळला तरी जीव खाणारी ही बाई, पण गाडी उभी करून इंजिन चालू ठेवते आणि पेट्रोलबद्दल चकार शब्द काढत नाही.

परवा मी भिगवणला गेले होते. पाण्याकडून तो आवाज आला, म्हणून बघितलं. निळी गाडी उभी होती, काचा वर. आत दोघं एकमेकांकडे तोंड करून बसली होती. नणंद हात नाचवून काहीतरी सांगत होती. दाजी तिला मध्येच तोडत होते, बोट उगारत होते, ती त्यांचं बोट बाजूला सारून पुन्हा बोलत होती. चांगलंच जुंपलं होतं. गेली कित्येक वर्षं ती बोलायची आणि दाजी मान हलवायचे, एवढंच मी बघत आले होते. काचेवर टकटक करावी असं मनात आलं, पण त्यांना ऐकू गेली नसती. मी मासे घेतले आणि घरी आले.