गडग्याजवळ टाकलेलं खोड

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि आता ती ऐकायला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसांपुढे माझी जीभ अजून उचलत नाही.

बागेपासून सुरू करतो. तेवढं सोपं आहे.

शिरोड्याला हायस्कुलात मी विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर घरापुढे शोभेचे पाम लावले. फाटकाशी दोन रॉयल पाम, पायरीजवळ बॉटल पाम. माडांच्या गावात ही हौस! शेजारच्या सुलोचना वहिनी आमच्या दोन अंगणांमधल्या गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांवर हात टेकून हसायच्या.

"नारळ नाय, सुपारी नाय. मास्तरानू, मगे ह्येंका पाणी कित्याक घालतास?"

त्यांचे यजमान गेलेले. एक मुलगा, प्रकाश, आणि माडांची रांग — त्यावर घर चालायचं.

पाम उंच झाले त्या सुमारास प्रकाशचं लग्न झालं. रेश्मा वैभववाडीकडची, घाटाच्या पायथ्याची. माझ्या बागेचं मनापासून कौतुक केलं ते तिनेच. रॉयल पामवर हात फिरवून म्हणाली, "मास्तरानू, ह्यां झाड काय खांब?" मी सुखावलो होतो.

माझी बाग हॉटेलच्या चित्रातल्यासारखी दिसावी, असं मला वाटायचं. म्हणून गणपतीत पाहुणे येणार म्हटल्यावर मी पामच्या हिरव्या झावळ्या करवतीने कापल्या. माडाची असो की पामची, हिरवी झावळ उगीच कापू नये, जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो — हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

भुंगा आला. फाटकाजवळच्या एका पामच्या बुंध्यातून तांबूस चीक गळू लागला. कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज. शेंडा कलला तेव्हा तो पाम मी पाडला. असं खोड जाळायचं असतं, म्हणजे आतली कीड मरते. पण धूर दिसला की आमच्या वाडीत माणसं विचारायला येतात. मग सांगावं लागलं असतं — मास्तरच्या बागेत कीड पडली, तीही मास्तरच्याच हाताने. मी तुकडे ओढत गडग्याच्या कडेला खळग्यात नेले आणि वर वाळक्या पानांचा पातेरा लोटला.

गडग्याला लागून पलीकडे वहिनींचा पहिला माड होता. सुकला तोही पहिला. मग दुसरा. मग त्याच्या पुढचा.

नारळ काढणाऱ्या पाडेल्याने वर चढून पाहिलं आणि भुंगा असल्याचं सांगितलं. त्यावर वाडीतल्या बायका म्हणाल्या, भुंगो खंय नाय? पण ह्याच घरात, ह्याच वर्षी? त्या घरात त्या वर्षी नवं काय आलं होतं? रेश्मा आली होती.

वहिनींनी देवळात गाऱ्हाणं घातलं, तरी त्यांचं मन मानेना. माणूस वाईट नव्हतं ते. सुनेवर आळ घ्यायची त्यांची इच्छा नव्हती, म्हणून तर त्या माझ्याकडे आल्या. मला त्यांच्या ओट्यावर बोलावलं नाही — स्वतः माझ्या घरी आल्या, रेश्माला घेऊन.

"तुमी शिकलेले. खरा काय ता सांगा. पायगुण म्हणान काय असता?"

इथे मी थांबतो आहे. दोनदा उठून पुन्हा येऊन बसलो.

सरळ उत्तर काय होतं? "नसतो. कीड माझ्या बागेतून आली. चला, दाखवतो." खळगा हाकेच्या अंतरावर होता. आयुष्यभर मी पोरांना किड्यांची वाढ फळ्यावर काढून शिकवली. आणि मी काय म्हणालो?

"वहिनी, काही गोष्टी विज्ञानालाही कळत नाहीत."

रेश्मा दाराला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं — आधी आशेने. मग खाली.

त्यानंतर कोणी तिला टाकून बोललं नाही. बोलायची गरजच उरली नाही. नवी रोपं लावताना वहिनी हळूच म्हणायच्या, "तू जरा लांब रव गो." ती लांब राहायची. पुढे शेजारपाजारच्या बायकाही पहिलं रोप लावताना तिला बोलवीनाशा झाल्या. मी हे सगळं गडग्याअलीकडून पाहत होतो, उरलेल्या पामांना पाणी घालत.

वहिनी गेल्या. प्रकाश कामाला गोव्यात असतो. रेश्माच्या केसांत आता पांढरं दिसतं. मी एकटा म्हणून ती मला माशांचं कालवण आणून देते. मी खातो.

गेल्या पावसाआधी ती माडाचं रोप घेऊन आली. तिला ते आपल्या मुलीच्या नावाने लावायचं होतं.

"मास्तरानू, तुमच्या हातान लावा. तुमचो हात बरो. माझो लागलो तर जगाचो नाय."

हे ती रडत म्हणाली नाही. अगदी साधेपणाने म्हणाली, जसं कुणी आपलं गाव सांगावं.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. आम्ही दोघंच होतो. मी गेलो, खड्ड्यात रोप ठेवलं, माती दाबली. मी न सांगताच ती गडग्यापाशी जाऊन उभी राहिली — जिथे खळगा होता, तिथेच — पदरात हात गुंडाळून.

रोप जगलं. आता त्याला नवी झावळ फुटली आहे.