डाव्या गालाचं उटणं

ज्याचा डावा गाल माझ्या मामेसासऱ्यांच्या हाती लागला नाही, असा माणूस शेणवे गावात मला तरी भेटला नाही. डावाच. उजव्याला ते बोटही लावत नसत. भातसानगरला धरणावर पंप दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी सरली. दोन पंपांपैकी एकच खोलायचा, दुसरा जसाच्या तसा ठेवायचा, म्हणजे ताडून पाहता येतं, ही त्यांची पद्धत. निवृत्तीनंतर पंपांच्या जागी माणसांचे चेहरे आले, एवढंच. अंगणात पाऊल टाकलं की हुकूम सुटे, "जावईबापू, बसा. तोंड इकडं करा. उजवी बाजू साक्षीला ऱ्हाऊ द्या." मग आंबेहळद, नागरमोथा आणि मसुराच्या पिठाचा गार लेप अर्ध्या चेहऱ्यावर बसे. वाळेपर्यंत हसायची बंदी, कारण लेपाला तडे जात. धुतल्यावर प्रश्न ठरलेला, "फरक दिसतो?"

स्वतःच्या मिशीलाही त्यांनी सूट दिली नव्हती. डावी बाजू मेंदी आणि निळीच्या पानांनी काळी कुळकुळीत, उजवी पांढरीशुभ्र. शहापूरच्या बाजारात भाजीवाली म्हणे, "बाबा, अर्ध्या मिशीला अर्धीच जुडी देऊ काय?" ते शांतपणे म्हणत, "दे. पन दुसरी अर्धी इकू नको, ताडून बघायचीय." वैशाखरे गावात एका लग्नात हळद वाटायचं काम कुणीतरी भोळेपणानं त्यांच्याकडे दिलं. नवरदेवाचं डावं अंग तेवढं रंगवून ते बाजूला झाले. करवल्यांनी आरडाओरडा करून उजवं अंग साध्या हळदीनं माखलं, तेव्हा हे कपाळाला हात लावून बसले. "घात केलात गो! आता कळायचं कसं?"

या सगळ्याच्या मुळाशी मामींचे गाल होते. उन्हात भाताच्या खाचरांत राबून दोन्ही गालांवर वांगाचे काळसर डाग पडले होते. मुरबाडच्या एका समारंभात फोटोच्या वेळी कुणी बाई म्हणाली, "तुमी जरा मागं ऱ्हावा गो," आणि त्यानंतर मामी कुठल्याच फोटोत आल्या नाहीत. मामा घरी येऊन सहाणेवर जायफळ उगाळायला बसले. आमचे गाल नुसते सरावाचे. जायचे होते ते मामींचे डाग. रोज संध्याकाळी दुधात उगाळलेलं जायफळ आणि मंजिष्ठा, डाव्या गालावर. मामी कुरकुरत, "आवो, उजवा कवा करनार? मेल्यावर?"

"घाई करू नको. आदी डाव्याचा फरक समद्यांना दिसू दे."

गेल्या भाद्रपदात मामा थोडक्या आजारानं गेले. नंतर एकदा मी शेणव्याला गेलो, तेव्हा मामी ओटीवर बसल्या होत्या. सहाण धुऊन भिंतीला टेकवलेली होती. अंगणातला उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. डावा गाल खरोखर निवळला होता. उजव्यावर वांग होतं तसंच. मला काय वाटलं कोण जाणे, मी सहाण आडवी केली, दूध मागितलं आणि जायफळ उगाळू लागलो. म्हटलं, "मामी, आज उजव्याला लावू."

त्यांनी माझा हात धरला. "नको वो. दोनी गाल सारखे झाले, तं त्यांनी काय केलं ते कळंल कसं?"

उगाळलेलं जायफळ सहाणेवर सुकत राहिलं. मग मामींनी पदर सावरला आणि माझ्या खिशातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं.

"फोटो काढा माझा. समोरून काढा. दोनी गाल दिसू द्या."