पतंगांची पूड

प्रेमा साटमला साधं फुलपाखरू दिसलं तरी राग यायचा, आणि त्या रागावर तिचा पुरता हक्क होता. विक्रोळीच्या एका शेती संशोधन केंद्रात तिने सतरा वर्षं पतंग पाळले. ज्वारीच्या भरड्यात पतंग वाढवायचे, त्यांची अंडी कार्डावर चिकटवायची आणि त्यांवर मुंगीहून बारीक मित्रकीटक सोडायचे, की झालं ट्रायकोकार्ड. शेतकरी ते उसाच्या पानाला टाचतात, त्यातले कीटक खोडकिडीची अंडीच निकालात काढतात आणि औषधाची फवारणी वाचते. विद्या खरी होती. प्रेमाचं भांडण विद्येशी नव्हतंच.

भांडण होतं पुडीशी. पेटी उघडली की पतंगांच्या पंखांची राखाडी पूड उडते आणि नाकातोंडात जाते. तीन वर्षांत तिला दमा जडला. हवा बाहेर ओढणारा पंखा बसवा, असा अर्ज ती दरवर्षी विभागप्रमुख इरावती मॅडमना द्यायची. दरवर्षी उत्तर एकच, खोलीचं तापमान बिघडेल, पतंग मरतील. किड्यांची एवढी काळजी वाहणारी बाई माणसाच्या बाबतीत ठार बहिरी होती. भिंतीवर फलक होता, 'विषमुक्त शेती, निरोगी जीवन'. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, प्रेमा त्याच फलकाखाली उभी राहून दम्याचा पंप ओढायची.

शेवटी डॉक्टरांनी तिला त्या खोलीत पाऊल टाकू नका म्हणून बजावलं. तिच्या जागी घाटकोपरची श्वेता आली, बावीस वर्षांची. काम शिकवायला म्हणून प्रेमा डॉक्टरांचं न ऐकता महिनाभर थांबली. पहिल्याच आठवड्यात पोर खोकायला लागली आणि प्रेमाचं डोकं फिरलं.

त्या बुधवारी तीस शेतकरी बायका प्रशिक्षणाला आल्या होत्या. मॅडमनी भाषण ठोकलं आणि प्रेमाला पेटी उघडून दाखवायला सांगितलं. प्रेमाने पेटी उचलून मॅडमच्याच पुढ्यात ठेवली.

"आज तुम्ही दाखवा."

मॅडम कसनुसं हसल्या, वेळ कमी आहे म्हणाल्या. प्रेमाने सरळ झाकण काढलं. पूड उठली तशी मॅडमनी ओढणी नाकाला लावली आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"बघितलंत ना?" प्रेमा बायकांना म्हणाली. "शेतातलं विष काढलं यांनी, आणि माझ्या छातीत भरलं. आता ह्या पोरीच्या भरतायत."

बायकांनी लिहिणं थांबवलं. त्यांतल्या एका म्हातारीने मॅडमना विचारलं, पंखा का नाही हो बसवला? तापमानाचं नाव न काढता मॅडम घाईघाईने म्हणाल्या, याच आठवड्यात बसवतो.

शनिवारी सकाळी वायरमन आला. भिंतीला भोक पाडून, पंखा बसवून गेलासुद्धा. एकही पतंग मेला नाही. श्वेता प्रेमाच्या गळ्यातच पडली. मॅडम खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि आता तरी खूश ना, म्हणाल्या.

प्रेमाला त्यांचा जळजळीत संताप आला.

"पाऊण तासाचं काम होतं, मॅडम," ती म्हणाली, आणि पुढचं बोलायला तिला श्वास पुरला नाही.