बाजाराच्या दिवसाची गोळी

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. दातांच्या दवाखान्यात हजर: माय, मी, तिला धाड गावाहून घेऊन आलेला धाकटा भाऊ आणि डॉक्टरीणबाई.

तीन महिन्यांपूर्वी याच खुर्चीत मायची दाढ काढली होती. जखम भरलीच नाही. हिरडीतून पांढरट हाड दिसू लागलं, तोंडाला वास येऊ लागला. माय भाकर दुधात कुस्करून खाऊ लागली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हाडं ठिसूळ आहेत म्हणून काही गोळी चालू आहे?"

मी ठामपणे नाही म्हटलं. मायच्या औषधांची यादी मीच ठेवते. सकाळ, दुपार, रात्र, असे तीन रकाने. दाढ काढण्याआधी तीच दिली होती.

"ते बाजाराची गोई नाई का?" माय म्हणाली.

"कोणती बाजाराची?"

"अवं, आठवड्याची. बाजाराच्या दिवशी उपाशीपोटी घ्या लागते अन् अर्धा तास आडवं होता येत नाई. मनगट मोडलं तवापासून चालू हाय."

"मग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुह्या कागदावर तीनच खण. आठवडा कुठी बसवू?"

भाऊ खो-खो हसला. "ताई, एक रकाना बाजाराचा पाड आता." मला हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की ही गोळी हाडं टिकवते. पण वर्षानुवर्षं घेतली, तर दाढ काढल्यावर कधी कधी जबड्याचं हाड भरून येत नाही, तेवढा भाग मरतो. आधी कळलं असतं तर त्यांनी वेगळा विचार केला असता. मी लिहीत गेले. गुळण्यांचं औषध. अँटिबायोटिक. मेलेला तुकडा सुटा झाला तर काढायचा. नाही झाला तर जबडा किती खरवडावा लागेल, ते आताच सांगता येत नाही.

"हाडाच्या गोईनं हाड मरते?" माय म्हणाली. "मंग घेऊ का नोको?"

"ते हाडांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांची चिठ्ठी आणा."

बाहेर येऊन हाडांच्या डॉक्टरांकडे फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, "बंद करू नका, पुन्हा हाड मोडेल." हे डॉक्टरांचं सांगणं की त्याचं स्वतःचं, ते मी विचारलंच नाही. नंतर दोनदा लावला, उचलला नाही. एकीकडे मनगट, एकीकडे जबडा. कोणतं हाड आधी सांभाळायचं ते मला कळत नाही. गोळीचा दिवस उद्यावर आला आहे आणि चिठ्ठी अजून आणलेली नाही.