काम मागाले आलो, मालक

छोट्या शेठनं माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि माईकवर म्हणाले, "या माणसानं आजवर कधी काही मागितलं नाही."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खाली बसलेल्या सोबत्यांना वाटलं, माझं कौतुक चाललंय. क्षणभर मलाही तसंच वाटलं. मग मानेला शाल टोचायला लागली.

खामगावातली जिनिंग. मी रेच्यांचा फिटर. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. हंगाम संपला की बाकीचे घरी जात. रेचे खोलून दुरुस्त करायला उन्हाळाभर मी तिथंच. साठी उलटली, तसा हात थरथरायला लागला. थरथरणारा हात चालत्या रेच्याजवळ नेऊ नये, एवढी अक्कल मला आहे. म्हणून मीच सांगितलं, एवढा हंगाम बस.

माझ्या निरोपाच्या त्या दिवशी छोट्या शेठनं आमच्यासाठी पुण्याहून एक साहेब आणले होते. विषय, निवृत्तीचं नियोजन. साहेबांनी सांगितलं, चहा-तंबाखू कमी करा, म्हातारपण सुखात जाईल. पगार कमी पडतो, ही गोष्ट त्यांच्या पडद्यावरच्या चित्रांत कुठंच नव्हती. मग त्यांनी विचारलं, "साठीनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

मागून वरवट बकालचा सुखदेव म्हणाला, "फाटकावर, साहेब. चौकीदार म्हून. थे जागा खाली असन तं."

सगळे हसले. साहेबही हसले. त्यांना तो विनोद वाटला.

शाल त्यानंतरची. शाल पडली आणि मला वाटलं, आता विचारावं. माईकपासून लांब राहूनच विचारलं, "शेठ, माह्या फंडाचं काय?"

छोटे शेठ अजून हसतच होते. "काका, फंड कायम माणसाला असतो. तुम्ही तर दसऱ्याला लागले. दर दसऱ्याला नवीन लागता. स्वतःच्या तोंडानं सांगता ना?"

त्यांचे वडील, मोठे शेठ, खुर्चीत बसूनच म्हणाले, "अरे, फंड हातात आला की महिन्यात उडवतात हे लोक. आणि मी आहे ना! घरचा माणूस आहेस तू."

व्यासपीठावर घरच्या माणसासाठी खुर्ची नव्हती. मी उभाच होतो.

स्वतःच्या तोंडानं सांगतो, हे मात्र खरं. आमच्या जिनिंगची रीत आहे. दसऱ्याला रेच्यांची पूजा होते. मग फाटक लावून घेतात आणि आम्ही बाहेर रांगेत उभे राहतो. आतून मुनीमजी विचारतात, "कोण आलं?" प्रत्येकानं म्हणायचं, "काम मागाले आलो, मालक." ते म्हणतात, "ये बाप्पा." कपाळाला कुंकू, गळ्यात नवा दुपट्टा, हातावर गूळ-खोबरं. आदल्या दिवशी त्याच फाटकातून आम्ही रेचे धुवायला आलेलो असतो. तरी म्हणायचं. आम्हाला तो मान वाटायचा. नव्या माणसानं हळू म्हटलं तर मागचे ओरडायचे, "जोरानं म्हण ना बे, मालकाले ऐकू जाऊ दे!" मी वाचणारा माणूस. विहारातल्या कपाटातली पुस्तकं संपवून मी गावाच्या वाचनालयात पोचलो. आणि हे वाक्य मीही हसत म्हणत आलो.

फंडासाठी कामगार ऑफिसात गेलो. तिथला साहेब भला होता. म्हणाला, हक्क हंगामी माणसालाही असतो. पण तुम्ही सलग कामावर होता हे सांगणारे कोणी आणा.

मी सुखदेवकडं गेलो. त्यानं आधी मला बसवलं. मग म्हणाला, "दादा, साक्ष देली तं दसऱ्याले मले 'ये' कोण म्हणीन?"

त्याच्या बायकोनं चहा केला होता. तो पिऊन उठलो.

मग मुनीमजींचा निरोप आला. फाटकावरच्या चौकीदाराची जागा खाली झाली आहे. दसऱ्याला ये, रांगेत उभा राहा, लागून जा. बायको म्हणाली, "जा ना जी. बसून तं राहाचं आहे तिथं." तिला साखर आहे. रोजचं इंजेक्शन कशावर चालणार, हे तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

गेलो. रांगेत उभा राहिलो. माझ्या मागं सुखदेव.

"कोण आलं?"

मी म्हणालो, "जुना माणूस, मुनीमजी. काम मागाले नाही आलो. काम करून झालं माह्यं."

फाटकाच्या फटीतून मुनीमजींचा डोळा दिसला. ते कुजबुजले, "काऊन बे, सणाच्या दिवशी? म्हणून टाक ना एवढं. जागा तुझ्यासाठीच ठेवली."

"नाही म्हणत."

डोळा फटीतून नाहीसा झाला. मग आवाज आला, "पुढचा."

मी बाजूला झालो. सुखदेवनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. हळूच म्हणाला, "काम मागाले आलो, मालक." जोरानं म्हण, असं मागून कोणी ओरडलं नाही. बस एवढाच फरक पडला. फाटक उघडलं, तो आत गेला. रेचे सुरू झाले. आवाजावरून मला कळलं, तिसऱ्याचा पट्टा ढिला आहे. सांगायला गेलो नाही.

घरी बायको म्हणाली, "एकच तं वाक्य होतं."

"हाव. एकच होतं."

ती उठून आत गेली. भांडली नाही. तिच्या इंजेक्शनचं काय करायचं, मला अजून माहीत नाही. साक्षीदार मिळाला नाही. मिळेल असं वाटतही नाही. शाल पेटीत आहे. तिच्यात ऊब नाही.

पण पुढच्या दसऱ्याला मी त्या फाटकावर जाणार. त्याच्या पुढच्याही. पाय चालतील तोवर. मुनीमजी आतून विचारतील, "कोण आलं?"

मी सांगेन, कोणी आलं नाही. मी इथंच होतो.