लोहारणीला कोळसा आवडतो

आमच्या संसारातलं पहिलं मोठं भांडण एका लोहारणीवरून झालं. ती खेळातली होती. नवऱ्यानं आयटीआयला असताना घेतलेला एक जुना लॅपटॉप भोसरीच्या आमच्या खोलीत होता, त्याच्या आत बंदराकाठचं एक गाव होतं आणि त्या गावात ही लोहारीण भट्टी चालवायची.

खेळ अर्धा जोडीदार मिळवण्याचा आणि अर्धा मारामारीचा. दिवसा गावात फिरायचं, लोकांशी बोलायचं, कुणाला काय आवडतं ते हेरून भेटी द्यायच्या. प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याखाली दहा हृदयं काढलेली असतात. बोलताना तीन उत्तरं समोर येतात, त्यातलं एक निवडायचं. बरोबर पडलं तर एक हृदय लाल होतं, चुकलं तर एक विझतं. दहा भरली की लग्नाचं विचारायची परवानगी. आणि गावाच्या खाली गुहा आहे. तिथं तलवार घेऊन उतरायचं, राक्षस मारायचे आणि त्यांच्याकडून जे मिळेल ते वर आणून भेट द्यायचं.

हा खेळ तो लग्नाआधीपासून खेळत होता, पण फक्त खालचा. वरचं बोलणं तो बटण दाबून उडवून लावायचा. माणसं वाक्य पुरं करायच्या आत हा पुढे. सहा महिने खेळून गावातल्या एकाही माणसाचं एक हृदय त्यानं भरलं नव्हतं. मी पहिल्यांदा शेजारी बसले तेव्हा म्हणाले, "अहो, ती बाई काहीतरी सांगतेय."

"तू ऐक मग," तो म्हणाला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

अशी वाटणी झाली. बोलणं माझं, मारामारी त्याची. इंग्रजी मला अडखळत का होईना वाचता येतं, आणि न कळलेला शब्द मी मोबाइलवर बघायचे. राक्षस दिसला की मात्र माझी बोटं आखडायची. तो गुहेतून वस्तू आणायचा, मी त्या वाटायचे. लोहारणीला कोळसा आवडतो हे मी शोधून काढलं. फुलं दिली की तिचं एक हृदय विझायचं. मला ती तिथेच आवडली.

त्याला औषधवाली हवी होती. "तिच्याशी लग्न केल्यावर औषध फुकट," हे त्याचं कारण. माणसानं लग्नासाठी यापेक्षा वाईट कारणं दिलेली मी ऐकली आहेत, पण त्या दिवशी मला राग आला आणि मी दोन दिवस गावात पाऊल टाकलं नाही. शेवटी लोहारीणच ठरली. लग्न पाहावं करून म्हणतात. आम्ही तर दोन केली.

आता आमच्या वेळांबद्दल सांगायला हवं. मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगची शेवटची तपासणी करते. जनरल शिफ्ट. सकाळी साडेसातला कोपऱ्यावर कंपनीची बस, संध्याकाळी साडेसहाला घरी. तो दुसऱ्या कंपनीत सीएनसी मशीनवर होता, ठेकेदाराकडून. त्याच्या तीन पाळ्या दर आठवड्याला फिरायच्या. पहिल्या पाळीच्या आठवड्यात आम्ही नवरा-बायको असायचो, उरलेले दोन आठवडे एका खोलीचे दोन भाडेकरू. मी यायचे तेव्हा तो गेलेला किंवा रात्रपाळीआधी झोपलेला, तो यायचा तेव्हा मी झोपलेली किंवा बसमध्ये. सुट्टी मात्र दोघांची गुरुवारीच, औद्योगिक वसाहतीत बहुतेकांची असते तशी.

मशीनवर एका पाळीचा माणूस दुसऱ्याला काम सोपवतो तेव्हा रजिस्टर भरतो. काय झालं, काय बाकी, मशीन कसं आहे. ही सवय त्यानं घरी आणली. दोनशे पानी वही, रेघा मारून रकाने: तारीख, पाळी, झालेलं काम, बाकी काम, शेरा. ही वही खेळासाठी होती. "तिसरा मजला साफ. कोळसा नऊ. औषध संपलं. OK." मी खाली लिहायचे, "लोहारणीला दोन दिले. एक हृदय वाढलं. दीपगृहवाल्याशी बोलू नये, तो चिडलाय." एक रकाना मी वाढवला: एकूण तास. खेळ उघडला की कोपऱ्यात आतापर्यंत किती तास खेळलो त्याचा आकडा दिसतो. समोर आकडा दिसतोय आणि तो लिहायचा नाही, हे माझ्या हातून होत नाही.

हळूहळू शेऱ्यात इतर गोष्टी यायला लागल्या. "दूध वर ठेवलंय." "पाठ दुखते." "शेजारच्यांकडे बारसं आहे, येते." बोलताना मी त्याला अहो-जाहो करते. वहीत तशी गरज नव्हती, रजिस्टरमध्ये कुणी कुणाला अहो म्हणत नाही. खरं सांगायचं तर मी या माणसाला त्या वहीतच ओळखायला लागले. समोर आला की तो गप्प असायचा.

आमचं लग्न ठरवून झालेलं. त्याआधी माझा एक साखरपुडा मोडला होता आणि तो मीच मोडला होता. तो मुलगा सुपरवायझर आहे असं सांगितलं होतं, निघाला हेल्पर. हेल्पर असण्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण सगळ्या घरानं मिळून तोंडावर खोटं सांगितलं होतं, आणि आमच्या आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चारचौघांत त्याच्या नोकरीचं कौतुक केलं होतं. मराठवाड्यातल्या आमच्या गावात वर्षभर लोक मलाच नावं ठेवत होते. म्हणून याला बघायच्या कार्यक्रमात मी पोह्यांची बशी खाली ठेवून स्पष्ट सांगितलं, "नोकरी कसली का असेना. खोटं सांगितलं तर मी परत येईन, मग कुणी न्यायला येऊ नका." त्याची आई चपापली. तो म्हणाला, "मी पर्मनंट न्हाई. ठेकेदाराकडं हाय. पुढंमागं होईन." आण्णांना तेवढं "होईन" ऐकू आलं आणि ते गावभर सांगत सुटले. मला आधीचं ऐकू आलं, म्हणून मी हो म्हणाले.

लग्नाला आठ महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. त्याची पहिली पाळी होती, म्हणजे आमचा भेटीचा आठवडा, पण नेमका माझ्याकडे ओव्हरटाइम लागला. सहा दिवस मी साडेआठला घरी येत होते, जेवून झोपत होते. खेळ मी उघडलाच नाही. वहीत त्याची रोजची ओळ असायची: "आज खेळ बंद. थकलो. OK." सहा दिवस, सहा ओळी, एकाच अक्षरात, एकाच शाईत.

गुरुवारी सकाळी तो भाजी आणायला गेला आणि मी लॅपटॉप उघडला. मागच्या गुरुवारी मी स्वतः लिहिलं होतं, एकसष्ट तास. कोपऱ्यात अठ्ठ्याण्णव दिसत होते.

मी वजाबाकी दोनदा केली. सदतीस तास. रोजचे सहाच्या वर. जो माणूस पावणेसहाला डबा घेऊन बाहेर पडतो आणि साडेचारला परत येतो, त्याच्याकडे हे तास येणार कुठून? मशीनवरचा माणूस कितीही नग लिहू दे, मशीनचा काउंटर खरं तेवढंच दाखवतो, हे त्यानंच मला शिकवलं होतं. आयुष्य काउंटरसमोर काढलेल्या माणसानं वही नीट भरली आणि काउंटर विसरला.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक होती. एवढे तास खेळून एकही राक्षस मेला नव्हता. आमचा वीर तेविसाव्या पातळीवर होता तो तिथेच. पूर्वी आम्ही खेळ दोन जागी साठवून ठेवायचो, आता नऊ जागा भरल्या होत्या आणि नऊही ठिकाणी एकच चित्र: लोहारणीचं स्वयंपाकघर. मी एक उघडून बघितलं. वीराची तलवार गुहेत मोडली आहे. लग्नात लोहारणीनं स्वतः घडवून दिलेली तलवार. आता तो घरी आलाय आणि तिला सांगायचं आहे. तीन उत्तरं समोर. "चूक माझी." "राक्षस मोठा होता." तिसरं, काहीच न बोलता जेवायला बसणं.

तो आला. पिशवी खाली ठेवली, कोथिंबीर निवडायला घेतली. तपासणीत आधी "का" विचारत नाहीत, "किती" विचारतात.

"मशीन किती दिवस बंद आहे?"

त्यानं लॅपटॉपकडे बघितलं, मग वहीकडे. हात थांबला नाही.

"एकवीस. ठेकेदारानं ब्रेक दिला."

ब्रेक म्हणजे काय हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही. ठेकेदाराच्या पोरांना काही महिने झाले की घरी बसवतात, म्हणजे सलग नोकरी दिसत नाही आणि पर्मनंटचा प्रश्न येत नाही. आमच्या लाइनवरच्या निम्म्या बायकांच्या नवऱ्यांना कधी ना कधी मिळालेला असतो. यात त्याचा दोष काडीचा नव्हता, आणि मी तसं म्हटलंही असतं.

"एकवीस दिवस जात कुठं होतात?"

"दुसऱ्या नि तिसऱ्या पाळीला दापोडीत, मित्राच्या खोलीवर. येताजाता भोसरीतली वर्कशॉप विचारत होतो. या आठवड्यात तुझी बस सुटस्तवर टपरीच्या मागं उभा ऱ्हायचो. मग घरी."

एकवीस दिवस, त्यात तीन गुरुवार वजा. अठरा डबे. मी पाच वाजता उठून अठरा वेळा भाकरी थापली होती, आणि ती दापोडीत नाहीतर याच खोलीत, मी ज्या ताटात जेवते त्याच ताटात खाल्ली गेली होती. मला संताप आला. नोकरीचा नाही, त्या डब्यांचा. या आठवड्यात तर युनिफॉर्म घालून हा माझ्याकडून डबा घ्यायचा आणि "येतो" म्हणायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण ती माझ्यापासून झाकायची?

"आणि हे काय?" मी नऊ चित्रांकडे बोट दाखवलं.

त्यानं कोथिंबिरीच्या काड्या बाजूला केल्या.

"बघत होतो," तो म्हणाला. "कुठलं उत्तर दिलं की ती चिडत न्हाई."

"मग?"

"तिन्हीला चिडती. चूक माझी म्हटलं की दोन हृदयं जात्यात. राक्षसाचं नाव सांगितलं की तीन. गप बसलं तर काय होत न्हाई. पण तीन दिवसांनी तिला कळतं. मग एकदम पाच."

हे कळल्यावरही हा माणूस रोज पावणेसहाला उठून गेला होता. मला हसू आलं नाही. आता आठवलं की येतं, तेव्हा नाही आलं. गावातल्या माणसांना वाक्य पुरं करू न देणारा हा सदतीस तास एका बाईचं ऐकत बसला होता, आणि ती बाई मी नव्हते. हे मला लागलं. त्याच्या गप्प बसण्यामागे भीती आहे, आणि ती माझ्याच पोह्यांच्या दिवशीच्या बोलण्याची आहे, हेही दिसत होतं. दोन्ही खरं होतं आणि एकामुळे दुसरं कमी होत नव्हतं.

मी माळ्यावरून बॅग काढली. शब्द माझा होता, मोडला असता तर मीही त्या साखरपुड्यातल्या घरासारखीच. तो अडवायला उठला नाही. दोन साड्या आणि कंपनीचं ओळखपत्र आत गेलं. ओळखपत्र कशाला घेतलं ते मला अजून कळलेलं नाही, गावी जाऊन मी त्याचं काय करणार होते?

तेवढ्यात फोन वाजला. आण्णा. गुरुवारी सकाळी ते करतातच. पलीकडून चार माणसांचा आवाज येत होता, म्हणजे पारावरून.

"काय करायलीस? जावई हायत का घरी?"

समोर तो होता. हातात कोथिंबीर तशीच.

"न्हाईत," मी म्हणाले. "कामावर गेलेत."

"आज गुरुवार ना? सुट्टी असती म्हणलीस."

"ओव्हरटाइम लागलाय आण्णा. बोलावून घेतलं. पर्मनंट करायचं चाललंय, म्हणून आता रोजच बोलावतेत."

"बघा, म्हणलं नव्हतं का!" हे मला नव्हतं, पारावरच्यांना होतं. मग मला, "चांगलं झालं. त्यांना म्हणावं जेवणाकडं लक्ष द्या." मी हो म्हणाले. डबा देते म्हणाले.

फोन ठेवून मी बॅगेतलं ओळखपत्र बाहेर काढलं. त्यानं एकवीस दिवस नुसतं OK लिहिलं होतं. ओव्हरटाइम लावला मी, त्याला पर्मनंट केलं मी, आणि यातलं काहीच मला कुणी विचारलेलंही नव्हतं.