कानसेनबाईंचं इंग्रजी

वकीलसाहेब मजकूर सांगायचे तो उभ्याने, खिडकीकडे तोंड करून, गालात खोकल्याची गोळी धरून. खाली रस्त्यावर गाड्यांचे भोंगे, शेजारच्या खोलीत झेरॉक्सच्या यंत्राची धडधड, आणि या सगळ्यातून साहेबांचं इंग्रजी गाळून यायचं. तरी टायपिस्टबाईंनी कधी "काय म्हणालात?" असं विचारलं नाही. साहेबांचं वाक्य संपायच्या आत त्यांचं बोट पूर्णविरामावर पोचलेलं असे. म्हणून ऑफिसात सगळे त्यांना कानसेनबाई म्हणत. नाव साहेबांनीच ठेवलेलं, आणि बाई ते पदवीसारखं मिरवायच्या.

बाईंची शाळा मराठी. इंग्रजी त्या कानाने शिकल्या. शब्द आधी कानावर पडायचा, मग बोटांत उतरायचा, आणि डोळ्यांना दिसायचा तो सगळ्यात शेवटी, कागदावर. "तुम्हाला पुस्तकातलं इंग्रजी येतं, मला बोललेलं येतं," असं त्या नव्या वकिलांना ऐकवत. नवे वकील यायचे, हसायचे, काम शिकायचे आणि निघून जायचे.

मग धाकट्या वकीलबाई आल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून त्या प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. ही सवय ऑफिसात दुसऱ्या कुणाला नव्हती. एका दुपारी त्या भागीदारीचा करार घेऊन बाईंच्या टेबलापाशी आल्या.

"बाई, इथे एक चूक राहिलीय. फॉर ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस लिहिलंय. ते इंटेन्ट्स अँड पर्पजेस हवं, म्हणजे सगळ्या दृष्टींनी."

"साहेब इंटेन्सिव्हच म्हणतात," बाई मान वर न करता म्हणाल्या.

"पण त्याला अर्थ नाही होत."

"का नाही होत? दवाखान्यात इंटेन्सिव्ह केअर असतं ना? इंटेन्सिव्ह म्हणजे कसून. कितीही कसून पाहिलं तरी, असा अर्थ."

शेजारच्या टेबलावरचे हेडक्लार्क लगेच बाईंच्या बाजूने उठले. आपणही जन्मभर हेच म्हणत आलो, आपल्या साडूच्या पत्रातही असंच असायचं, असं त्यांनी सांगितलं. धाकट्या वकीलबाईंनी डिक्शनरी उघडली. हेडक्लार्क म्हणाले, डिक्शनरी जुनी आहे. वकीलबाईंनी फोनवर शोधून दाखवलं. हेडक्लार्क म्हणाले, फोनवर काय, कुणीही काहीही लिहितं. आवाज चढले, आणि साहेब आतून बाहेर आले.

"साहेब, तुम्ही काय म्हणता, ते एकदा सांगून टाका," बाई म्हणाल्या. त्यांना खात्री होती.

साहेबांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. "इंटेन्ट्स अँड पर्पजेस. का?"

साहेबांनी करार हातात घेतला, ओळ वाचली आणि ते हसले. "अहो, हे आपण किती वर्षं पाठवतोय? समोरच्या एकाही वकिलाने पकडलं नाही. म्हणजे कुणी वाचतच नाही." हसतहसत ते आत गेले. हेडक्लार्कना अचानक खालच्या मजल्यावर काम आठवलं. धाकट्या वकीलबाई हळूच म्हणाल्या, "अर्थ कळतोच तसा. बदलून द्या फक्त."

बाईंनी बदलून दिलं. पण त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी गेला.

चूक झाली याचं दुःख फार मोठं नव्हतं. चुका होतात. पण त्यांना इंटेन्सिव्ह स्वच्छ ऐकू आलं होतं. अस्पष्ट नाही, अर्धवट नाही, टाचणी पडल्याचा आवाज यावा इतकं स्वच्छ. जे स्वच्छ ऐकलं तेच खोटं निघालं, तर बाकीच्याचं काय? हा भुंगा एकदा डोक्यात शिरला तो बाहेर पडेना. दुसऱ्या दिवशी लवकर येऊन त्यांनी कॉम्प्युटरवरचे जुने कागद उघडले. एका दाव्यात सापडलं, 'स्टॅच्यू ऑफ लिमिटेशन्स'. मुदतीच्या कायद्याला स्टॅट्यूट म्हणतात. बाईंनी कायद्याचा पुतळा करून चौकात उभा केला होता. एका नोटिशीत 'केस इन पॉइंट', म्हणजे नेमका दाखला, त्याच्या जागी 'केस अँड पॉइंट'. पुढचं उघडायचं त्यांना धाडस होईना आणि न उघडता बसवेना. त्या उठल्या, पाणी प्यायल्या, परत बसल्या, परत उठल्या.

मजकूर घेताना त्या आता मध्येच थांबू लागल्या. "काय म्हणालात, साहेब?" साहेब सांगत. दोन ओळींनी परत, "काय म्हणालात?" साहेबांचा धागा तुटे. शेवटी ते खिडकीकडचं तोंड फिरवून म्हणाले, "बाई, तुम्ही कान दाखवून या बरं एकदा."

बाई गेल्या. कानाच्या डॉक्टरांनी बंद पेटीसारख्या खोलीत बसवून बारीकबारीक आवाज ऐकवले आणि सांगितलं, कान उत्तम आहेत, या वयाला तर फारच उत्तम. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. बाई जास्तच अस्वस्थ होऊन घरी आल्या. कानात मळ निघाला असता तर काढता तरी आला असता.

घरी त्यांचे यजमान बिघडलेले पंखे दुरुस्त करत बसलेले असत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर हाच त्यांचा उद्योग. ते म्हणाले, "पकड दे." बाई म्हणाल्या, "पकड म्हणालात की कापड?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझं काहीतरी बिनसलंय."

"कान बरोबर आहेत म्हणे."

"मग झालं तर."

"झालं कसं? कान बरोबर आणि ऐकलेलं चूक. मग आजवर मी जे जे ऐकलं..."

वाक्य तिथेच अडकलं. कारण जे जे ऐकलं त्यात एक गोष्ट अशी होती, जी त्यांनी यजमानांनाही सांगितली नव्हती. मुलीने नवं घर घेतलं तेव्हा ते लावायला बाई गेल्या होत्या. जावई गॅलरीत फोनवर मित्राशी इंग्रजीत बोलत होते. बाईंच्या कानावर वाक्य पडलं होतं, "माय मदर-इन-लॉ इज अ फार्स." फार्स म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. तो नाटकात पाहून बाई पोट धरून हसलेल्या. आपणच कुणाला तरी तशा वाटतो हे ऐकून त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. त्यांनी चकार शब्द काढला नाही, पण त्यानंतर त्या घराचा जिना चढल्या नाहीत. गुडघे दुखतात, म्हणत. मुलगी एकटी येऊन भेटून जायची.

आज त्यांनी ते यजमानांना सांगितलं. यजमानांनी पंखा खाली ठेवला. "आणि तू हे इतके दिवस पोटात ठेवलंस?"

"फोर्स म्हणाले असतील का हो? शी इज अ फोर्स. म्हणजे, जबरदस्त बाई आहे, असं?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

"जावयाला विचारू, की तुम्ही मला काय म्हणालात?"

"मग बस अशीच, ये-जा करत."

बाई खरोखरच स्वयंपाकघर आणि दार यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होत्या. सुट्टीच्या दिवशी त्यांनी चप्पल घातली आणि निघाल्या. बसमध्ये जागा असून त्या उभ्या राहिल्या. मुलीच्या घरापासून बऱ्याच अलीकडे उतरल्या आणि चालत सुटल्या, वाटेत काय बोलायचं ते जुळवत. सगळं जुळवलेलं जिन्यावरच विसरल्या.

दार जावयांनी उघडलं. ते कपड्यांना इस्त्री करत होते. मुलगी बाजारात गेली होती. "आई? या ना. गुडघे बरे आहेत?"

"गुडघ्यांना काही झालेलं नाही," बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "तुम्ही मला फार्स म्हणालात की फोर्स?"

जावयांना काही उमजेना. बाईंनी गॅलरी, फोन, मित्र, सगळं सांगितलं. जावयांनी इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि बराच विचार केला.

"आई, खरंच आठवत नाही. फोर्स म्हणालो असेन. मी तो शब्द वापरतो." त्यांनी इस्त्रीचा शर्ट बाजूला सारला. "पण खोटं कशाला सांगू? तुम्ही त्या दिवशी माझं पुस्तकांचं कपाट तिसऱ्यांदा हलवायला लावलं होतंत. तेव्हा मी फार्सही म्हणालो असेन."

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. निघून जावं, असं एकदा वाटलं. पण या माणसाला 'फोर्सच म्हणालो' असं सांगून सुटता आलं असतं, आणि तो सुटला नव्हता. हे त्यांना इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून हळूहळू कळलं.

"कपाट तिथे भिंतीला ओल होती म्हणून हलवलं," त्या म्हणाल्या.

"पहिल्यांदा. पुढच्या दोन वेळा?"

बाई टेबलावरच्या शर्टाची बाही सरळ करू लागल्या. जावई म्हणाले, "आणि मला वाटत होतं, खरंच जिना चढवत नाही तुम्हाला. खालच्या मजल्यावरची घरं पाहायला लागलो होतो मी."

बाई खुर्चीत बसल्या. पदराने तोंड पुसता पुसता त्यांना हसू आलं की रडू, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलगी पिशव्या घेऊन आली तेव्हा आई शर्टाच्या घड्या घालत होती, आणि नवरा त्या आपल्या पद्धतीने परत घालत होता.

तरी बाईंचा जीव पहिल्यासारखा निवांत झाला नाही. ऐकलेल्या प्रत्येक वाक्याला त्या आता उलटून पाहतात. परवा साहेब खिडकीशी उभे राहून सांगत होते, समोरच्या पक्षाने नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवलं आहे, अशा अर्थाचं काही. बाईंची बोटं थांबली.

"साहेब, होम इन की होन इन?"

"मी काय म्हणालो?"

"तेच तर विचारतेय."

साहेबांनी वळून धाकट्या वकीलबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, होम, म्हणजे नेम धरून तिथे पोचणं. साहेब म्हणाले, शक्यच नाही, आम्हाला सरांनी होन शिकवलं. दोघंही डिक्शनरीच्या कपाटाकडे गेले, तावातावाने. बाहेर अशील ताटकळत होता. बाईंनी तेवढी जागा मोकळी सोडली आणि कान तिकडे ठेवून पुढच्या ओळीची वाट पाहत त्या टेबलावर बोटं वाजवत राहिल्या.